खोकल्याचा बडग्या

आमच्या घराची मागची खिडकी बंद असते. तिच्या कडीला गंज चढला आहे आणि फटींत बायकोने जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आहेत. वर्ध्याजवळ, पिपरी मेघेच्या पलीकडे प्लॉट पडले तेव्हा आम्ही इथे घर बांधलं. त्या खिडकीतून तेव्हा तुरीची शेतं दिसायची, आणि हिने तिच्याखालीच पलंग टाकायला लावला होता. पुढे वस्ती वाढली, शेतं गेली, आणि समोरच्या पडीक जागेत अख्ख्या वस्तीचा कचरा येऊन पडू लागला. कचरा साचला की तो पेटतो. कोण पेटवतं ते कुणालाच माहीत नसतं, म्हणजे सगळ्यांना माहीत असतं. हिवाळ्यात संध्याकाळी तो धूर वर जात नाही, जमिनीलगत अंथरूण टाकून पडून राहतो. त्यातच हिचा खोकला सुरू झाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं, औषधं झाली, फुसकन् तोंडात मारायचा पंप आला. डॉक्टर म्हणाले, धुरापासून जपा. म्हणून खिडकी बंद.

मी शाळेत चित्रकला शिकवत असे. दरवर्षी पर्यावरण दिन आला की मुख्याध्यापक मला बोलावत आणि मी भिंतीवर पृथ्वी काढे. पृथ्वीला डोळे, डोळ्यांत पाणी, खाली दोन हात, हातांवर रोपटं. अशा कितीतरी पृथ्व्या मी रडवल्या. माझी पृथ्वी पाहून एकाही माणसाने कधी काडेपेटी परत खिशात ठेवली नाही. त्याच भिंतीच्या आडोशाला लोक कचरा पेटवत, आणि माझी पृथ्वी काळी होत जाई. रंग मात्र मी चांगल्या कंपनीचा वापरायचो.

माझं खरं काम वेगळं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. मारबत म्हणजे बांबूची, भाताच्या तणसाची, कागदाची बाई. वस्तीतली सगळी पीडा तिने आपल्यासोबत न्यायची आणि शिवेवर जळून जायचं. तिच्याबरोबर निघतो तो बडग्या. त्या वर्षी गावाला ज्याने छळलं असेल त्याचं रूप बडग्याला देतात: कधी महागाई, कधी रस्त्यातले खड्डे, कधी डेंगूचा डास. पोळ्याला दारांशी पळसाच्या फांद्या ठेवलेल्या असतात, त्याही त्या सकाळी घरोघरून निघतात आणि शिवेवर टाकल्या जातात. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत,’ असं ओरडत लहानथोर चालतात. नागपूरची मारबत मोठी, तिला बघायला लांबून लोक येतात. आमची घरगुती. पण आमच्या वस्तीचा बडग्या मी करायचो, आणि तो बघायला बाजूच्या वस्तीतली माणसंही यायची, हे मी माझ्या तोंडाने सांगतो, कारण आता दुसरं कोणी सांगणारं नाही.

मुलगी लहान होती तेव्हा मैद्याची खळ तीच ढवळायची. केसांपर्यंत खळ माखून घ्यायची आणि आईचा मार खायची. दहावीत गेली तशी ती या कामातून उठली. मग बाहेरगावी शिकली, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि आईचा खोकला फोनवर ऐकून ऐकून एक दिवस सामान घेऊन परत आली. इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. तिने एकच गोष्ट मनात धरली होती: मागचा कचरा पेटणं बंद करायचं. आईची खिडकी उघडायची. ती हे बोलून दाखवत नसे, पण येता-जाता त्या कडीला हात लावून बघायची.

तिने आधी व्याख्यान ठेवलं. वस्तीत मोठी जागा म्हणजे विहाराचं सभागृह, तिथे पडदा लावला. धुरातले बारीक कण कसे फुप्फुसात जातात, प्लास्टिक जळलं की काय काय निघतं, राख मातीतून विहिरीत कशी उतरते, सगळं चित्रांनिशी दाखवलं. लोक शहाण्यासारखे बसले. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर आमचे शेजारी उठले. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मारबतीच्या मंडळाचे अध्यक्ष, आवाज अजून गाडीच्या मागच्या दारापर्यंत पोचेल असा. म्हणाले, “म्हंजे धूर वाईट असते, असंच नं ताई?”

“हो, काका.”

“ते तं आमाले माहीतच हाय.”

सगळे हसले, तीही हसली. चिवडा खाऊन मंडळी घरी गेली आणि संध्याकाळी खिडकीमागे कचरा पेटला.

तिने त्या हिवाळ्यात आणखी एक प्रयोग लावला होता. एका जुन्या पांढऱ्या चादरीचे दोन तुकडे केले. एक आतल्या खोलीत टांगला, दुसरा बाहेर, मागच्या खिडकीच्या गजांना. उन्हाळ्यात दोन्ही काढून दोरीवर शेजारी शेजारी घातले. आतला पिवळट पडला होता. बाहेरचा काळा, तव्याच्या बुडासारखा. ती त्याचे फोटो काढत होती, आणि मी चहा पीत नुसता बघत होतो. दोरीमुळे त्या काळ्या कापडाला मधोमध घडी पडली होती, दोन्ही बाजूंना ते फुगून लोंबत होतं.

मी म्हटलं, “हे फुप्फुसं होय.”

तिने फोटो काढणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. “बाबा,” ती म्हणाली, “यंदाचा बडग्या आपन दोघं करू.”

माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते असं कोणी विचारलं तर मी ते सांगेन. पडवीत बांबूच्या कामट्या तासल्या, सांगाडा बांधला. या वेळी चेहरा तेवढा खळ लावून कागदाचा केला, अंगावर कागद नव्हता. ती म्हणाली, ज्याने छळलं त्याचंच अंग पाहिजे. म्हणून वस्तीतून दुधाच्या पिशव्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, बियाण्यांच्या थैल्या, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या गोळा केल्या, आणि त्याची कातडी शिवली. मी म्हणायचो डोळे मोठे कर, ती म्हणायची मोठे नको, चुंधे कर, धुरात माणूस डोळे किलकिले करतो. तिचं बरोबर होतं. चित्रकलेचा मास्तर मी, आणि डोळ्यांचं ती सांगत होती, याचा मला राग न येता आनंदच झाला. छाती उघडी ठेवली. तिच्यात एका बाजूला ते काळं फुप्फुस आणि दुसऱ्या बाजूला आतल्या खोलीतलं, त्यातल्या त्यात पांढरं. बायको आतून खोकत खोकत बाहेर यायची, बघायची, म्हणायची, “माह्यावानीच दिसून राह्यला हा मुडदा,” आणि हसता हसता तिला पुन्हा ठसका लागायचा.

एक गोष्ट मी तिला विचारली होती. “बडग्या जळते. हा प्लास्टिकचा. मंग?”

तिने त्याचा विचार केला होता. कातडी आम्ही सुटी शिवली, दोऱ्या ओढल्या की अंगरख्यासारखी उतरेल अशी. शिवेवर कातडी काढायची, पोत्यात भरायची, तिथे उभ्या गाडीतून वर्ध्याच्या भंगारवाल्याकडे पाठवायची, आणि मागे उरलेला बांबू-तणसाचा सांगाडा रीतीप्रमाणे जाळायचा. लोकांनाही दिसेल की कचरा जाळायचा नसतो, वेगळा काढायचा असतो. मला हे पटलं. अजूनही वाटतं, बेत चांगला होता. आमच्या दोघांच्याही डोक्यात जे आलं नाही ते फार साधं होतं, पण ते मला नंतर कळलं.

बडग्या निघाला तेव्हा पहिल्या गल्लीत आरडाओरडा होता, दुसरीत तो कमी झाला. लोक जवळ यायचे, छातीत डोकवायचे. मुलगी बाजूने चालत सांगत होती, हे कापड एका हिवाळ्यात असं झालं, माझ्या आईच्या खिडकीत. विहारामागच्या गल्लीत एका म्हातारीने हात घालून ते काळं कापड चाचपलं, बोटं बघितली, आणि पदराला पुसली. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझ्या सगळ्या पृथ्व्यांनी मिळून केलं नव्हतं ते त्या चादरीच्या तुकड्याने केलं होतं. मी मुलीकडे पाहिलं. तिच्या गालाला खळ लागलेली होती, लहानपणी लागायची तशीच, आणि मला वाटलं, जिंकलो आपण.

पुढे अध्यक्षांनी आपला एसटीचा आवाज काढला: “खोकला घेऊन जा गे मारबत!” त्याला जो जबाब आला तसा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दरवर्षी लोक मजा म्हणून ओरडतात. त्या दिवशी ते मनापासून ओरडत होते.

शिवेवर, नाल्याच्या अलीकडे, मारबत आणि बडग्या उभे केले. मी कातडीच्या दोऱ्या सोडायला लागलो.

“मास्तर, हे काऊन सोडून राह्यले?” अध्यक्षांनी विचारलं.

मी सांगितलं. गाडी दाखवली.

“गाडी कोन्या रस्त्यानं जाईन?”

गाडीचा रस्ता एकच होता, वस्तीतून जाणारा. माझे हात तिथेच थांबले. इतकी वर्षं मी बडग्या केला, आणि मला हे सुचलं नव्हतं. शिवेवर गेलेलं परत येत नाही. माणसं परत येतानासुद्धा मागे वळून बघत नाहीत. पळसाची फांदी हातातून चुकून परत आली तर घरची बाई ती दारातूनच फेकायला लावते. आणि आम्ही अख्खा खोकला गाडीत घालून त्यांच्याच दारांवरून परत नेणार होतो.

मुलगी पुढे झाली. समजावलं. खोकला या पिशव्यांत नाही, या जळल्यावर जो धूर होतो त्यात आहे. ती चांगलं बोलत होती, साधं बोलत होती. छातीत हात घालणारी ती म्हातारी ऐकून घेत होती. मग म्हणाली, “तेच तं म्हनतो मी माय. तूनंच दाखवलं नं आमाले, खोकला याच्यात हाय म्हनून. मंग गावातून काढला अन् गावातूनच परत नेतं?”

मुलीने गाडीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या दोऱ्यांकडे.

अध्यक्षांनी वाईट बुद्धीने काडी लावली नाही. आधी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, “बाई, तुह्या आईसाठीच करून राह्यलो,” असं म्हणाले, आणि मग लावली. प्लास्टिक धडाडून पेटलं. गर्दीतल्या कोणीतरी खिशातली पन्नी काढून त्यात टाकली, मग दुसऱ्याने रिकामी बाटली टाकली, एक बाई पळत घरी जाऊन थैलीभर घेऊन आली. सगळे हात जोडून उभे होते. काळा धूर थोडा वर गेला आणि वाऱ्याने वस्तीकडे वळला. मुलीने ओढणी नाकाला लावली आणि फुप्फुसं जळून जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. परत येताना तिने मात्र मागे वळून पाहिलं.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, आईला चहा करून दिला. माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “बाबा, त्यायले आपलं पटलं. पटलं म्हनूनच त्यायनं जाळलं.”

मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी वेगळा करू. मातीचा करू, गवताचा करू, गाईने खाल्ला तरी चालेल असा. ती “हो” म्हणाली. तिचं ‘हो’ कसं असतं ते मला लहानपणापासून माहीत आहे, हे तसं नव्हतं.

पुढच्या पोळ्याआधीच लोक विचारू लागले, ताई, पिशव्या धुवून ठेवू का? बायांनी वर्षभराचं प्लास्टिक वेगळं काढलं होतं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असं ग्रामपंचायतीची घंटागाडी गाणी वाजवून सांगत आली होती आणि कोणी ऐकलं नव्हतं. आता धुतलेल्या, वाळवलेल्या, नीट घड्या केलेल्या पिशव्या दारादारांत पळसाच्या फांदीशेजारी ठेवलेल्या होत्या. जे मुलीला शिकवायचं होतं ते बहुतेक सगळं वस्ती शिकली होती. फक्त शेवट वस्तीने आपला लावला होता. मुलगी शिवेच्या अलीकडे रिकामं पोतं घेऊन उभी राहिली, इथे द्या म्हणत. दोघा-चौघांनी तिचं मन राखायला दिलं. बाकीच्यांनी प्रेमाने तिला वळसा घातला.

त्या दिवाळीनंतर तिने पुण्यात नोकरी धरली. तासिका तत्त्वावर किती दिवस राहायचं, असं तिनेही सांगितलं आणि आम्हीही नातेवाइकांना तेच सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून दुसरा बडग्या केला नाही. बडग्या आता मंडळाची पोरं करतात. तो दरवर्षी प्लास्टिकचाच असतो, त्याला ‘खोकल्या’च म्हणतात, आणि छाती उघडी ठेवून त्यात काळ्या रंगाने रंगवलेलं कापड लावतात. कापड काळं कसं झालं होतं, ते कोणाच्या लक्षात नाही. माझ्या हातची कला मागे राहावी असं मला नेहमी वाटायचं. राहिली. आणि तीच राहिली याचं मला फार वाईट वाटतं.

वस्तीचा राग करावा असंही कधी कधी येतं मनात, पण तो टिकत नाही. वर्षभर अधूनमधून पेटणारा कचरा आता बराच कमी पेटतो, हेही खरं आहे. लोक त्या एका सकाळसाठी साठवून ठेवतात. मी हे मुलीला फोनवर सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, “मंग त्या सकाळी आईले आत ठेवजा, बाबा.” आणि विषय बदलला. ती रोज आईच्या खोकल्याची चौकशी करते, पण बडग्याचं नाव तिने पुन्हा काढलेलं नाही. माझ्याशी बोलताना ती जपून बोलते. ज्या पडवीत आम्ही दोघं इतकं मोकळं बोललो, तिथे मी आता एकटाच बसतो.

यंदाच्या मारबतीला हिच्याने शिवेपर्यंत चालणं होईना. सकाळीच तिने पलंगाखालून थैली ओढली. दुधाच्या पिशव्या, औषधांची पाकिटं, रिकाम्या बाटल्या, संपलेले दोन पंप, सगळं धुऊन-पुसून गाठ मारून ठेवलं होतं.

“हे घेऊन जा,” म्हणाली. “अन् नीट मधात टाकजा. मांगच्या वर्षी माह्या हातून काठावर पडलं असन, म्हनून नाई गेला.”

“हे जाळू नये असं पोरगी सांगत होती नं,” मी म्हटलं.

“पोरीनंच तं बनवला व्हता तो,” ती म्हणाली. “माह्यासाठी.”

मी थैली घेतली. शिवेवर गेलो, मागे उभा राहिलो. सगळ्यांच्या थैल्या आत पडत होत्या, अध्यक्ष आता थकलेल्या आवाजात ओरडत होते, लोक हात जोडत होते. माझी थैली मी काखेत दाबून धरली होती. गर्दी पांगल्यावर आडवाटेने भंगारवाल्याकडे गेलो आणि त्याच्या वजनकाट्याशेजारी ती ठेवून, त्याने काही विचारायच्या आत निघून आलो.

घरी आलो तर ही पलंगावर उठून बसली होती. चेहरा धुतला होता, केस विंचरले होते, पोरगी येणार असली की बसते तशी.

“जळलं नं पुरं?”

“जळलं,” मी म्हटलं.

तिने हळूच श्वास आत घेऊन पाहिला. खोकला आला नाही. पुन्हा घेऊन पाहिला. मग फटीत कोंबलेली एक चिंधी तिने स्वतःच ओढून काढली.

“गेला पाहा,” ती म्हणाली. “आता खिडकी उघडा.”

मी उठलो आणि कडीला हात लावला. चिंधी काढलेल्या फटीतून शिवेवरच्या धुराचा वास आत यायला लागला होता.